टेलिग्रामवरच्या तिकिटांचे बाकीचे पैसे आज रात्री देऊ का?

पत्र असं आहे:

"ताई, मी नागपूरला मानेवाड्याला राहतो, वय २३, हिंगणा एमआयडीसीत जॉबला आहे. धाकट्या बहिणीला बारावीत चांगले मार्क पडले तर मुंबईच्या कॉन्सर्टला नेईन असं कबूल केलं होतं. तिला पडले. पण तिकिटं सुरू झाली तेव्हा मी शिफ्टवर होतो, संध्याकाळी पाहिलं तं सगळं सोल्ड आउट. मग टेलिग्रामवर एक जण भेटला, दोन तिकिटं आहेत म्हणते, मूळ किंमत ४,५०० ची, तो ९,००० ला एक देऊन राहिला. दोन्हीची पीडीएफ पाठवली, आधार कार्डाचा फोटो पाठवला, ॲपमधलं बुकिंग दाखवणारा व्हिडिओ पण पाठवला, त्याच्या टेलिग्राम ग्रुपला पण जोडलं. होल्ड करायला म्हणून मी काल रात्री १,००० टाकले. आता म्हणते आज रात्री १० पर्यंत ८,००० टाक, बाकीचे तिकीट मिळाल्यावर दे, नाही तं दुसरं गिऱ्हाईक रेडी आहे. दुरांतोचं रिझर्वेशन झालंय, बहिणीनं मैत्रिणींना सांगून टाकलंय. पीडीएफ आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. तिकीट खरं का खोटं, कसं ओळखायचं?"

बाबू, आधी एवढंच, आज रात्री १० वाजता काहीही पाठवू नको. ८,००० नाही आणि ८०० पण नाही. तो दुसरं गिऱ्हाईक म्हणतो ना, जाऊ दे त्याला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे.

आणि आता एवढा एक परिच्छेद वाचून थांब, पहिले १९३० ला फोन लाव, मग पुढचं वाच. काल गेलेले १,००० लहान रक्कम वाटते, एवढ्यासाठी काय तक्रार करायची असं म्हणून लोक सोडून देतात, आणि तोच माणूस त्याच पीडीएफवर अजून पन्नास जणांकडून हजार-हजार काढतो. १९३० हा केंद्राच्या गृह मंत्रालयाचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. फोन लागला की तुझी बँक, रक्कम, दिवस-वेळ आणि व्यवहाराचा नंबर विचारतात, तो यूपीआयच्या हिस्टरीत त्या पेमेंटवर क्लिक केलं की १२ आकडी यूटीआर म्हणून दिसतो, तो आधीच कागदावर उतरवून ठेव. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले तिथेच अडवायचा प्रयत्न होतो. पण हे लोक पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळवतात, म्हणून उशीर करायचा नसतो. फोन लवकर लागला नाही तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार टाक, आणि आपल्या बँकेलाही कळव. त्याच्या आधी एक काम, टेलिग्रामवरच्या सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट काढ, त्याचं युजरनेम, यूपीआय आयडी, आधारचा फोटो, सगळं. टेलिग्रामवर समोरचा माणूस दोन्हीकडची चॅट पुसून टाकू शकतो, तुझ्या फोनमधलीसुद्धा, सकाळी उठून पाहशील तर पाटी कोरी. आणि त्याला धमकी देऊ नको, "पोलिसात जाईन" वगैरे, तो लगेच सगळं पुसून ब्लॉक करेल.

झाला फोन? आता तुझ्या प्रश्नाकडे येऊ.

तू पाठवलेल्या दोन्ही पीडीएफ मी मोठ्या करून शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या. पहिली गोष्ट, तिकिटावर झोन स्टँडिंग लिहिलंय आणि त्याच्याच खाली रो जी, सीट २१ आणि २२. उभं राहून पाहायच्या जागेला सीट नंबर कशाला असेल? दुसरं, तारखेपुढे शनिवार लिहिलंय, कॅलेंडर काढून पाहा, ती तारीख रविवारी येते. तिसरं, नावाची ओळ. ती बाकीच्या अक्षरांपेक्षा केसभर खाली आहे, थोडी जास्त काळी आहे, आणि स्क्रीनचा उजेड वाढवला की तिच्या मागं पांढऱ्याची जरा वेगळी पट्टी दिसते, म्हणजे जुनं नाव झाकून वर नवीन टाकलंय. आणि चौथं सगळ्यात महत्त्वाचं, क्यूआर कोड. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन सगळ्याच क्यूआरला असतात ते सोड, मधले बारीक ठिपके पाहा, उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्याजवळचे. दोन्ही तिकिटांवर तंतोतंत एकच कोड आहे. कधी कधी पूर्ण बुकिंगला मिळून एकच कोड असतो हे खरं, पण मग पीडीएफ पण एकच येते आणि तिच्यावर किती जणांचं ते लिहिलेलं असतं. इथे बुकिंग नंबर दोन वेगळे आणि कोड एकच, हे कसं होईल?

एवढं सापडलं म्हणून तुला वाटेल की बरं झालं, आता ओळखता येते. नाही बाबू, माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होते. हा माणूस घाईचा होता, म्हणून चुकला. उद्या दुसरा भेटेल, वार बरोबर लिहील, पट्टी नीट जुळवेल, कोड दोन वेगळे टाकेल. किंवा त्याच्याजवळ चक्क खरं तिकीट असेल, शंभर टक्के खरं, स्वतः ॲपवर घेतलेलं. आणि तेच खरं तिकीट तो तुला विकेल, रायपूरच्या एकाला विकेल, पुण्याच्या चार जणांना विकेल. आता सांग, तुझ्या हातातलं तिकीट खरं का खोटं?

आपल्या देशपांडे हॉलला नाटकाचं बुकिंग व्हायचं ते आठवते का, तुझ्या आईला विचार, तिला आठवेल. खिडकीत प्लॅनचा कागद असायचा, सगळ्या खुर्च्यांचे चौकोन काढलेले, आपण म्हणायचो चौथ्या रांगेतल्या मधल्या दोन द्या, आतला माणूस त्या दोन चौकोनांवर काट मारायचा आणि मग तिकीट फाडून द्यायचा. जागा आपली व्हायची ती त्या काट मारण्यानं. हातातली चिठ्ठी ही फक्त त्या काटेची पावती होती. आजच्या कॉन्सर्टचंही अगदी तेच आहे, फक्त प्लॅनचा कागद आता कंपनीच्या कॉम्प्युटरवर असतो आणि क्यूआर म्हणजे एक नंबर आहे, बाकी काही नाही. गेटवरचं मशीन तो नंबर वाचते, यादीत आहे का पाहते, असला आणि आधी वापरला नसला की हिरवा, आणि लगेच त्यावर काट. तोच नंबर घेऊन दुसरा आला की लाल. मशीनला तुझा चेहरा कळत नाही, कुणी ९,००० दिले न कुणी ४,५००, ते कळत नाही, जो आधी पोचला तो आत. म्हणून विचारायचा प्रश्न एकच आहे, त्या प्लॅनवर ही जागा आत्ता कोणाच्या नावावर आहे, आणि मी पैसे दिल्यावर ती माझ्या नावावर होईल का. फोटो, पीडीएफ, व्हिडिओ, आधार, यातलं काहीच या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी माझा भाऊ अमरावतीहून आला होता जामठ्याची मॅच पाहायला, तिकिटं संपली होती, आणि व्हरायटी चौकात एका पोराकडून आम्ही दुप्पट भावानं दोन घेतली. मी चांगली तपासून घेतली होती बरं. कागद जाड, गुळगुळीत, कडेला चंदेरी पट्टी, ती तिरपी धरली की चमकायची. भावाच्या मित्राजवळ खिडकीवरून घेतलेलं तिकीट होतं, ते शेजारी धरून पाहिलं, फरक काढता आला नाही. वर्धा रोडवर ट्रॅफिकमध्ये दीड तास, मग उन्हात लाइन, आणि गेटवर त्या माणसानं बारकोड मशीनखाली धरला, लाल. त्यानं अंगठ्यानं पुसून परत धरला, परत लाल. तो म्हणाला, मॅडम, या सीटवरचे लोक आत गेले आहेत. घामानं तोवर ती चंदेरी पट्टी माझ्या अंगठ्याला लागली होती, काळपट करडा रंग, मी तो पदरानं पुसत बाजूला झाले. मग आम्ही रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीवर बसलो, टपरीवाल्याचा रेडिओ चालू होता, पण आत सिक्स बसला की आधी स्टेडियमचा आवाज यायचा आणि मग मागून रेडिओवर कळायचं. भाऊ एक शब्द बोलला नाही. पैशापेक्षा त्याचं ते तोंड मला अजून आठवते, म्हणून तुझ्या पत्रात बहिणीचं वाचलं तेव्हा मी बाकीची पत्रं बाजूला ठेवली.

आता त्यानं तुला पाठवलेल्या एकेका पुराव्याचं पाहू.

आधार कार्ड. ते बहुतेक त्याचं नाहीच. कुणीतरी तुझ्यासारखंच आधी भरवशापोटी आपलं आधार त्याला पाठवलं असेल, आता ते तुला दाखवून राहिला. म्हणून तू तुझं कुठल्याच विकणाऱ्याला पाठवू नको, "ट्रान्सफरसाठी लागते" म्हटलं तरी. पाठवलं असशील तर तक्रारीत तेही सांग. एक साधी तपासणी मात्र करता येते. यूपीआय आयडी टाकला की पैसे पाठवायच्या आधी समोरच्या खात्यावरचं नाव दिसते, ते आधारवरच्या नावाशी जुळते का? तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये पैसे गेलेत एका बाईच्या नावावर आणि आधार आहे एका माणसाचं. विचारलं की म्हणतील वहिनीचं खातं आहे, माझी लिमिट संपली, सगळ्यांचं हेच ठरलेलं उत्तर असते. नाव जुळलं म्हणजे माणूस खरा असं नाही, पण नाही जुळलं तर तिथेच उठायचं.

व्हिडिओ. स्क्रीन रेकॉर्डिंग कुणाचंही असू शकते, दुसऱ्या कुणी टाकलेलं उचलून पाठवता येते. मागायचाच असेल तर लाइव्ह व्हिडिओ कॉल मागावा, त्यात त्याला म्हणावं ॲप बंद कर, परत उघड, ऑर्डरमध्ये जा, खाली ओढून रिफ्रेश कर, प्रोफाइलमधल्या मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे दाखव. खोटा माणूस इथे नेटवर्क नाही म्हणतो. खरा माणूस दाखवेल. पण परत सांगते, यातून त्याच्याजवळ तिकीट आहे एवढंच कळेल, ते तो फक्त तुलाच विकून राहिला हे नाही कळणार.

तुला जोडलं तो ग्रुप. जरा वर स्क्रोल करून पाहा, तिथे कुणी मेंबर काही लिहू शकतो का? नाही ना, तो ग्रुप नाहीच, चॅनल आहे, फक्त चालवणाराच पोस्ट टाकतो. "थँक यू भाई, टिकट मिल गया" असे जे स्क्रीनशॉट आहेत ते त्यानंच टाकलेत, फसलेल्या माणसाला तिथे एक ओळ लिहायची सोय नाही. इन्स्टाग्रामवर कुणाला निळी टिकली दिसली म्हणून विश्वास ठेवतात, ती टिकली आता महिन्याचे पैसे भरून मिळते.

आणि त्याची मागायची पद्धत. आधी १,००० होल्डचे, मग ८,०००, आणि तू ते दिले असते ना, तर उद्या सकाळी नाव बदलायची फी आली असती, मग जीएसटी, मग "तुमचं पेमेंट अडकलं, रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करा". या शेवटच्याला फार लोक बळी पडतात, आधीच पैसे गेलेले असतात, परत मिळून राहिले म्हटलं की माणूस विचार न करता पिन टाकतो. यूपीआयचा पिन पैसे द्यायला किंवा बॅलन्स पाहायला लागतो, पैसे घ्यायला कधीच लागत नाही, स्कॅन पण लागत नाही. ही गोष्ट घरात आईबाबांना पण सांगून ठेव.

तू एकटा नाही आहेस बरं यात, लाज वाटून घेऊ नको. २०२४ च्या २२ सप्टेंबरला कोल्डप्लेची तिकिटं सुरू झाली होती, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमच्या जानेवारी २०२५ च्या शोची, तेव्हा बुकमायशोवर इतकी गर्दी झाली की ॲपच कोलमडलं, आणि थोड्या वेळात तीच तिकिटं बाहेर कितीतरी पट भावानं दिसायला लागली. बुकमायशोला जाहीर सांगावं लागलं की तिकिटं परत विकणाऱ्या कुठल्याही साइटशी आमचा संबंध नाही, आणि त्यांनी पोलिसात तक्रार पण दिली. पुढं ऑक्टोबरमध्ये ईडीनं कोल्डप्ले आणि दिलजीत दोसांझच्या शोच्या तिकिटांवरून मुंबई, दिल्ली, बंगळुरूसह पाच शहरांत छापे घातले, त्यात खोटी तिकिटं विकायला टेलिग्राम, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम वापरलं जात होतं हेच पुढं आलं. चांगले शिकलेले, मोठ्या पगाराचे लोक पण यात फसतात. शो मोठा, तिकिटं कमी आणि घाई जास्त, एवढं जमलं की हे लोक येतातच.

मग तिकीट घ्यायचंच नाही का? घ्यायचं ना, बहिणीला शब्द दिलाय. पण जागा तुझ्या नावावर होईल अशाच वाटेनं.

पहिली वाट म्हणजे ज्या ॲपवर तिकिटं निघाली तेच ॲप. काही शोला तिथेच तिकीट परत विकायची सोय देतात. त्यात ज्याला जायचं नाही तो आपलं तिकीट ॲपवरच विकायला ठेवतो, तू पैसे ॲपला देतो, आणि त्याचं जुनं तिकीट रद्द होऊन तुझ्या नावानं नवीन निघते. म्हणजे जुन्या चौकोनावरची काट खोडून तुझी काट. मग त्याच्याजवळ हजार स्क्रीनशॉट असले तरी ते कोड मेलेले. तुझ्या शोला ही सोय आहे का ते ॲपच्या त्या शोच्या पानावर, अगदी खाली नियम आणि अटीत लिहिलेलं असते, बारीक अक्षर असते पण नीट वाच. तिथेच हेही लिहिलेलं असते की बुकिंग करणाऱ्याचं ओळखपत्र गेटवर मागतील का, आणि बाहेर विकलेलं तिकीट रद्द करू का. ओळखपत्र मागणार असतील तर दुसऱ्याच्या नावाचं खरंखुरं तिकीट पण तुझ्या काही कामाचं नाही, मुंबईला जाऊन परत यावं लागेल.

दुसरी वाट, ॲपमधून ट्रान्सफर. ज्याच्याजवळ तिकीट आहे तो ॲपमधूनच तुझ्या मोबाइल नंबरवर पाठवतो. पण पाहायचं कुठं, तर तुझ्या स्वतःच्या ॲपमध्ये, तुझ्या लॉगिननं. एसएमएस आला, मेल आला, व्हॉट्सॲपवर लिंक आली, यातलं काही धरायचं नाही, लिंकवर तर बोट पण लावायचं नाही, तसा मेल कुणीही बनवते. आपलं ॲप आपण उघडायचं, आपल्या बुकिंगमध्ये ते तिकीट दिसलं तर आलं, नाही दिसलं तर नाही आलं. काही ठिकाणी तर तिकिटाचा कोड दर काही सेकंदांनी आपोआप बदलत राहते, परदेशात तिकीटमास्टरनं २०१९ पासून हे सुरू केलं, तिथे स्क्रीनशॉटला काही अर्थच राहत नाही. आणि काही शोचा कोड शोच्या थोडं आधीच चालू करतात, तोवर ॲपमध्ये नुसती रिकामी चौकट दिसते. म्हणून अजून शोला वेळ असताना कुणी पूर्ण क्यूआर दाखवून राहिला तर जरा थांबून विचार करायचा, या शोचे कोड निघाले तरी आहेत का? मनगटाला बांधायच्या बँडचा शो असेल तर ते कुरिअरनं बुकिंगवाल्याच्या पत्त्यावर जातात, मग "बँड कुठंय, हातात घेऊन व्हिडिओ कॉलवर दाखव" असं म्हणता येते.

तिसरी वाट ओळखीची, आणि ओळखीची म्हणजे मित्राच्या मित्राच्या स्टेटसवर दिसलं ते नाही. ज्याच्या घरी तू जाऊन चहा पिलाय असा माणूस. त्यानं चार घेतली होती, दोघं येऊन नाही राहिले, असं असेल तर त्यांच्यासोबतच जायचं, एकाच लाइनमध्ये उभं राहायचं, त्याच्या फोनवरून चौघं आत जायचं, आणि पैसे आत गेल्यावर. तुझ्या कंपनीत विचार, कॉलेजच्या ग्रुपवर विचार, मुंबईत कुणी असेलच. हो, एक राहिलं. विकणारा नागपूरचाच निघाला आणि सीताबर्डीला भेटू म्हणाला तर ते नक्कीच बरं, पण भेटून त्यानं फोनवरचा क्यूआर तुला व्हॉट्सॲप केला तर ती भेट काय कामाची, तोच कोड त्याच्या फोनमध्ये पण राहिला ना. भेटा, पण ट्रान्सफर समोर बसून ॲपमधूनच करा, तुझ्या फोनवर दिसलं की मग पैसे.

आणि सोल्ड आउट म्हणजे कायमचं संपलं असं समजू नको. बऱ्याच शोला आयोजकांनी राखून ठेवलेल्या जागा असतात, स्टेज उभं झालं की काही जागा मोकळ्या होतात, कधी शेवटच्या आठवड्यात थोडी तिकिटं परत खुली होतात, कधी गर्दी पाहून दुसरा शो लावतात. ॲपमध्ये त्या शोचं नोटिफिकेशन चालू करून ठेव, आयोजकांचं अधिकृत पान फॉलो कर, आणि शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ उघडून पाहत जा. वेटिंग लिस्ट असेल तर आजच नाव टाक.

एक आपल्याकडचं पण सांगून ठेवते, विषय निघालाच आहे. ईश्वर देशमुख कॉलेजच्या ग्राउंडवर खासदार महोत्सव होतो, त्याचे पास फुकट असतात, हे सगळ्या नागपूरला माहीत आहे, तरी मोठा गायक आला की पास विकणारे उगवतातच. फुकटच्या पासचे पैसे कुणी मागून राहिला, एवढ्यावरूनच तो माणूस कसा ते कळते. आणि दुसऱ्या बाजूनं, तुम्हाला स्वतःला तिकीट मिळालं ना, तर आनंदाच्या भरात त्याचा फोटो क्यूआरसकट स्टेटसला लावू नका रे पोट्टेहो. तुमच्याच कोडवर दुसरं कुणी आत जाते आणि तुम्ही गेटवर लाल. लावायचाच असेल तर कोडवर हात ठेवून काढा, बारकोड, बुकिंग नंबर दोन्ही झाकून.

पोलिसांचं काय होईल असं तुझ्या मनात असेल. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे, आणि कॉम्प्युटर-मोबाइल वापरून दुसराच कुणी असल्याचं भासवून फसवलं तर आयटी ॲक्टचं कलम ६६ डी लागते, त्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. तुझे हजार परत येतील असं मी तुला कबूल नाही करत. पण त्या यूपीआय आयडीवर तुझी तक्रार नोंदली गेली की त्याच खात्याच्या दुसऱ्या तक्रारींशी ती जोडली जाऊ शकते, म्हणून ती देच. आणि तक्रारीनंतर कुणाचा फोन आला की आम्ही तुमचे पैसे काढून देतो, एवढी फी भरा, तर तोही चोरच, सरकारी माणूस असे पैसे मागत नाही.

राहिली बहीण. तिला आजच सांग. मी पाहिलंय, असे भाऊ काय करतात, आधी एक हजार गेले ते लपवायला आठ हजार घालतात, मग तेही लपवायला मित्राकडून उसने घेतात, कारण घरी तोंड दाखवायचं कसं. तू अजून पहिल्या पायरीवर आहेस. तिला सरळ म्हण, तिकिटं अजून मिळाली नाहीत, एका माणसानं हजाराला टोपी घातली, मी तक्रार केली आहे, आणि नीट वाटेनं मिळतात का ते पाहून राहिलो. बारावीत एवढे मार्क काढणारी पोरगी आहे, तिला कळेल. उलट नोटिफिकेशन तिच्या फोनवर पण लाव, तू शिफ्टवर असताना ती पाहील. मैत्रिणींना काय सांगायचं ते तिचं ती पाहून घेईल. दुरांतोचं रिझर्वेशन लगेच कॅन्सल करायची घाई नको, पण एक दिवस ठरवून ठेव, त्या दिवसापर्यंत तिकीट तुझ्या ॲपमध्ये आलं नाही तर ते कॅन्सल करायचं, जितकं आधी करशील तितके कमी कापतील. आणि तिला विचार, कॉन्सर्ट नाही जमली तरी मुंबईला जायचं का. कदाचित ती हो म्हणेल.

यापुढं कुणीही विकणारा भेटला तर त्याला पाठवायला एक वाक्य देते, हे असंच्या असं कॉपी करून ठेव: "भाऊ, तिकीट ॲपमधून माझ्या नंबरवर ट्रान्सफर करा, माझ्या ॲपमध्ये दिसलं की त्याच मिनिटाला पूर्ण पैसे, ॲडव्हान्स देणार नाही." खऱ्या माणसाला पण भीती असते की ट्रान्सफर केलं आणि याने पैसेच नाही दिले तर, ती रास्त आहे, मग तो म्हणेल भेटून करू, किंवा ॲपवरच विकायला ठेवतो तिथून घे. ते चालेल. बाकी काही म्हणाला तर तिथून उठ.

१९३० ला फोन लागला का, तक्रारीचा नंबर मिळाला का, ते मला दोन ओळी लिहून कळव. नसेल लागला तर परत लाव.